टोपीचं नववं पाणी

मोरिओका,
४ जुलै १९९४

ती. कात्सुहिकोदादास,

फुमिएचा सा. न. वि. वि. साष्टांग अगदी खरा. चटईला कपाळ टेकवून मगच लिहायला बसले आहे.

फोन केला नाही, कारण फोन बैठकीत आहे आणि तिथे मिनोरी बसलेली असते. बेसबॉल सामन्यांत शाळेचा जयघोष करणाऱ्या पथकाचा कप्तान पाय मोडून घेऊन बसला आणि मुलांनी तुझ्या भाचीला कप्तान केलं, हे तुला कळलंच आहे. सत्तर वर्षांत पहिली मुलगी. तिच्याबरोबर कप्तानाची कधीच न धुवायची ती टोपीही घरी आली. तू ती स्वतः घातली आहेस, तेव्हा वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की आमचे हे तीन दिवस व्हरांड्यात जेवले आणि मांजर शेजारी राहायला गेलं.

मिनोरी दोन दिवस शिबिराला गेली आणि मी टोपी धुतली.

चांगल्या मनाने धुतली रे. आई वेशीवरच्या दगडी जिझोदेवांच्या लाल टोप्या धुवायची, अगदी तशी. आधी कोरडा ब्रश, मग तांदळाच्या कोमट धुवणात भिजवून जुन्या टूथब्रशने हलका हात, पिळायचं नाही, पालथ्या वाडग्यावर सावलीत वाळवायचं. नऊ पाणी बदलली. नववं पाणी चहासारखं होतं, यावरून पहिल्याचा अंदाज कर. आणि दादा, ती टोपी काळी नाहीच. निळी आहे.

मिनोरीने आल्या आल्या विचारलं, ही कुणाची टोपी. तेव्हापासून ती मला ‘आपण’ म्हणते. काल जेवताना म्हणाली, आपल्याला त्रास होणार नसेल तर मीठ इकडे द्याल का. पोटच्या पोरीने असं बोलावं म्हणजे काय.

सोळा तारखेला सामना. त्याआधी जुने कप्तान रांगेने येऊन टोपीचा वास घेणार. त्यात ते ओनोदेराआजोबा, जे सगळ्यांसमोर म्हणाले होते की पोरीच्या हाती गेली, आता आठवड्यात साबण लागेल. मिनोरी म्हणते, त्यांचं खरं ठरण्यापेक्षा मी कप्तानपद सोडते. रांगेत तूही असशील. काहीतरी सुचव.

लोभ वाढवा असं लिहायला तोंड नाही. शिल्लक असेल तेवढा राहू दे.

तुझी,
फुमिए

*

गावाहून,
६ जुलै

चि. फुमिएस,

आशीर्वाद. एरवी अनेक लिहितो. आज एकच धाडतो, बाकीचे राग उतरल्यावर.

पत्र वाचलं आणि शेतावर न जाता जिझोदेवांपुढे जाऊन बसलो. तेही माझ्याइतकेच गप्प होते. सत्तर वर्षांचा घाम, फुमिए. त्यात त्रेसष्ट सालचा माझा होता, भर पावसात चौदा डाव चाललेल्या सामन्यातला. तो तू मोरीत सोडलास. आपली आई मला कान धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे, पण तिनेसुद्धा त्या टोपीला पाण्याचं बोट लावलं नाही. टोपीवरचा बिल्लाही घासला असशील. मी तुला ओळखतो.

असो. पोरीची मान खाली जाता कामा नये. सोबत चुलीचं काजळ डब्यातून पाठवतो आहे. शिळ्या चहात घोटून आतबाहेर लाव. त्याआधी दोन दिवस मातीत पुरून ठेव. कृती खात्रीची आहे. कुठे शिकलो ते मात्र आठवत नाही.

मिनोरीला सांग, मामा रांगेत असेल आणि त्याचं नाक तिच्या बाजूने असेल.

तुझा,
दादा

*

मोरिओका,
१० जुलै

ती. दादास,

नमस्कार. बिल्ला घासला होता. मीठ आणि व्हिनेगर.

टोपी बागेत पुरली. शेजारच्या कुत्र्याने उकरून आमच्या पायरीवर परत आणून ठेवली, तीही स्वच्छ चाटून. मग मला सुचलं म्हणून भाताच्या कोंड्यातल्या लोणच्याच्या माठात एक दिवस ठेवली. आता तिला काकडीचा वास येतो. हे जवळून गेले की भूक लागली म्हणतात.

शेवटी मी आणि मिनोरी काजळ लावायला बसलो. ती अजून ‘आपण’वरच होती. कपाळाजवळची आतली पट्टी उलटली, तर शिवणीत निळ्या दोऱ्याची गाठ. दुहेरी, वर एक फास. दादा, अशी गाठ कोण मारायचं? जिझोदेवांची कुठली टोपी धुऊन झाली ते कळावं म्हणून कोण मारायचं? मी ते सत्तर वर्षांचं ऐकून ऐकून मोठी झाले, म्हणून तुला मुद्दाम विचारते. त्रेसष्ट साली टोपी एखादा दिवस तुझ्या नजरेआड झाली होती का?

मिनोरीने पट्टी पुढे उलटत नेली. आणखी पाच गाठी निघाल्या, लाल, पिवळ्या, कसल्या कसल्या. एक पांढरी, तिहेरी टाक्याची, शिंप्याच्या हाताची वाटावी अशी. पोरगी हसत हसत जमिनीवरच बसली आणि म्हणाली, अगं आई, सगळ्यांनीच धुतली आहे. त्या ‘अगं’साठी मी आणखी नऊ पाणी बदलली असती.

पण ओनोदेराआजोबांचं काय करायचं?

लोभ पूर्वीइतका झाला असेल अशी आशा.

फुमिए

*

गावाहून,
१३ जुलै

चि. फुमिएस,

अनेक आशीर्वाद, मागच्या वेळचे धरून.

त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं. टोपी कुठे म्हटलं, तर आई म्हणाली, तीही आराम करते आहे. आणि अंथरुणातून मी पाहिलं होतं, ती चुलीपाशी बसून शिळ्या चहात काजळ घोटत होती. विचारलं तर म्हणाली, तव्याला लावायचं आहे. कृती कुठे शिकलो ते आता आठवलं. एकतीस वर्षं मी ज्याला माझा घाम म्हणत आलो, तो आईचा चहा होता.

जिझोदेवांपुढे पुन्हा बसलो. या खेपेला ते थोडे हसल्यासारखे वाटले.

मग उठून ओनोदेरांकडे गेलो. ते चाळीस सालचे कप्तान. आधी म्हणाले, तुझ्या बहिणीला अक्कल नाही आणि तुला तिच्याइतकीही नाही. मी गाठींचं सांगितलं. पांढऱ्या गाठीपाशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, टाका दुहेरी का तिहेरी. तिहेरी म्हटल्यावर त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. त्यांची आई शिवणकाम करायची. निघताना म्हणाले, सोळाला वास मी आधी घेणार.

काजळ लावलंस तेवढं पुरे. आणि तुझी गाठ मारायला विसरू नकोस.

दादा

*

मोरिओका,
१७ जुलै

ती. मामास,

मिनोरीचा शि. सा. न. आवाज बसला आहे, म्हणून नमस्कारही हळूच.

काल तुम्ही ओनोदेराआजोबांना धरून स्टेशनवर गेलात, म्हणून बाकीचं कळवते. अकरा-शून्य हरलो. त्याला टोपी जबाबदार नाही. आजोबांनी वास घेऊन डोळे पुसले आणि अगदी तोच, असं मोठ्याने म्हणाले, त्यानंतर बाकीच्यांची नाक मुरडायची छातीच झाली नाही. तुम्ही दोनदा वास घेतलात, ते मी पाहिलं. काकडीचा होता ना?

हरलो की शेवटच्या वर्षाची मुलं पथकातून निवृत्त होतात, म्हणून कालच टोपी पुढच्या कप्तानाच्या हातात दिली. आत आईची हिरवी गाठ आहे. त्याला मी बजावून सांगितलं, सत्तर वर्षांत हिला पाणी लागलेलं नाही.

आज सकाळी त्याची आई टरबूज घेऊन आली. बराच वेळ उन्हाबद्दल बोलत राहिली. मग आईला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, की तांदळाचं धुवण कोमट घ्यायचं का गार.

लोभ वाढू द्या. टोपीचा खरा रंग कुणाला सांगू नका.

तुमची,
मिनोरी