बाबांच्या कॉम्प्युटरमधला आवाज

बाबा,

तुमचा कॉम्प्युटर मी उघडला. रागावू नका. मोहाडीच्या तुमच्या कॉम्प्युटर क्लासमधला तो पांढरा डबा आता पार पिवळा पडलाय, आणि मला त्यातून एकच गोष्ट हवी होती, तुमचा आवाज. साउंड कार्ड नवीन आणलं त्या दिवशी माईक तोंडाशी धरून तुम्ही काहीबाही बोलला होतात, ते त्यात साठवलेलं होतं. तेव्हा आपल्याकडे मोबाइल कुठला? तुमचे फोटो आहेत, आवाज दुसरा कुठेच नाही. या उन्हाळ्यात आई भात वाढता वाढता थांबली. म्हणाली, "तुझ्या बाबाचा चेहरा आठवते वो मले, पण आवाज नाही आठवून राहिला." आणि तिथेच बसून रडायला लागली. तिची तब्येत आता अशी आहे की मला घाई करणं भागच होतं.

भंडाऱ्याच्या दुकानदाराने डबा बघूनच हात जोडले. "मॅडम, भंगारात टाका." मग मीच बसले. स्क्रू काढून आत बघते तर काय, मदरबोर्डवर कुंकवाचा थर, पंख्यात अक्षता, खालच्या पत्र्याला गंज! दसऱ्याला तुम्ही मॉनिटरला हळदीकुंकवाचं बोट लावायचात, नारळ मात्र उंबऱ्याबाहेर फोडायचात. तुम्ही गेल्यावर आईने दर दसऱ्याला नारळाचं पाणी डब्यावरच शिंपडलं, वरच्या जाळीतून, मोठ्या भक्तीने. मी डोकं धरलं. ती मागे उभीच होती. "माझ्या पूजेनं बिघडला काय वो?" मी म्हटलं, "नाही वो आई, जुना झाला."

एकदा क्लासमध्ये बंद पडलेल्या मशीनची रॅम, केबल, कार्ड मी सगळं एकदम बदललं होतं. भाताच्या रोवणीच्या चिखलाचे पाय धुऊन आलेल्या पोरांसमोर तुम्ही खेकसला होतात, "एका टायमाले एकच वस्तू बदलवायची! आता बिघाड कशात होता ते कसं समजल तुले?" काय राग आला होता मला तुमचा! या वेळी मात्र तसंच केलं. ब्रशने कुंकू झाडलं. चालू करून बघितलं. रॅम खोडरबरने घासली. परत बघितलं. पॉवर सप्लाय बदलला. दर वेळी काळा पडदा. त्या डब्याला शिव्या घातल्या, त्याच्या पायाही पडले. अशी सगळी सुट्टी गेली. आणि मग एका रविवारी दुपारी बीप वाजला, पडदा उजळला. पण हार्ड डिस्क टकटक करत होती, म्हणजे ती आता जाणार हे मला कळत होतं.

तुमचा दुसरा नियम मला पाठ होता, "पहिले कॉपी, मग उघडजो." त्यासाठी दुसरी डिस्क जोडूनही ठेवली होती. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती, एक हाक मारायचाच अवकाश होता. पण फाइल दिसली आणि माझा हात थांबलाच नाही. स्पीकर खरखरला. "हॅलो... हॅलो... आवाज येऊन राहिला काय?" अगदी तुम्ही, तेच सर्दी झाल्यासारखं बोलणं. मग डिस्क किंचाळली आणि बंद पडली. सगळं करून बघितलं, बाबा. नागपूरलाही नेऊन आणली. ती आता फिरतच नाही.

आई रोज विचारते, "झाला काय सुरू?" मी नाही म्हणते. ती देवाला दिवा लावते आणि स्वतःशीच पुटपुटते की पूजा नव्हती करायची. तिला काय सांगू? मी ऐकला, तुझ्या वाट्याचा घालवला, असं? हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते. स्पीकरमधून तुम्ही विचारलंत तेव्हा मी मोठ्याने म्हणाले होते, "हो बाबा, येऊन राहिला."

तेव्हाच अंगणातून आईने विचारलं, "कोणाशी बोलून राहिली वो?"

मी म्हटलं, "फोन आहे."