गोजरबाईची फिल्म आणि हरिओमचा कट

६ जानेवारी, मंगळवार
अख्ख्या घनसावंगीत व्हिडिओ एडिटिंग कळणारा माणूस एकच. मी. म्हणून गावानं गोजरबाईवरच्या फिल्मचं काम मला दिलं. म्हातारी पंच्याऐंशीची, पन्नास वर्षं सुईणपण केलं. १८ तारखेला सत्कार, तिथंच फिल्म दाखवायची. जोडीला हरिओम घेतला. तो त्याच्या घरून करील, मी दुकानातून. प्रोजेक्ट फाइल क्लाउडवर, म्हणजे दोघांनाही उघडता येईल. आयडिया माझी.

८ जानेवारी
हरिओमनं मला शिकवलं. मला! म्हणला, फाइल क्लाउडवरून थेट उघडू नको. आधी डिस्कवर उतरवून घे, काम कर, बंद कर, मंग वर टाक. अपलोड संपल्याशिवाय लॅपटॉप बंद न्हाई. एका वेळी एकाच ठिकाणी उघडायची. रोज तारीख टाकून वेगळी कॉपी. मी "बराबर" म्हणलो. डरपोक माणूस.

१० जानेवारी, दुपारी ४
अंबडची जीप सुटत होती. अपलोड चालू असतानाच लॅपटॉप मिटला. काही होत न्हाई.

११ जानेवारी
फाइल उघडेना. खराब झाली म्हणे. चौदा मिनिटांची फिल्म जोडून झाल्ती. शूटिंग शाबूत, जोडकाम सगळं गेलं. हरिओमला फोन केला. त्यानं शांतपणे विचारलं, अपलोड पूर्ण झाल्तं का?
निर्दोष माणूस एवढा शांत राहतच न्हाई. माझ्या नावावर जळून राह्यलाय. सोडणार न्हाई.

१२ जानेवारी
बदला सुरू. क्लाउडचा पासवर्ड बदलला. हरिओम बाहेर. आत त्याचा 'तारीखवार' नावाचा फोल्डर सापडला. पाच फायली. डिलीट. मंग ट्रॅशमधूनही डिलीट. बिलकुल गार वाटलं.

१३ जानेवारी, सकाळी १०
हरिओमचा मेसेज: 'तारीखवारमधली ९ तारखेची कॉपी उघड. तेरा मिनिटं आहेत त्यात.'
दोन चहा घेतले.

सकाळी ११.३०
आता कळलं. माझ्याच हातून डिलीट करवून घेतलं त्यानं. किती खोल डाव!

१४ जानेवारी, संक्रांत
हरिओम तिळगूळ घेऊन घरी आल्ता. मी आतल्या खोलीत बसलो. सुरेखानं घेतला. वरून मला म्हणती, "अहो, इथल्या कॉम्प्युटरवर ती फाइल गुरुवारपासून उघडीच आहे. बंद करू का?"
बायकोनं टेक्निकल गोष्टीत पडू नये, असं तिला सांगितलं. ती म्हणली, "बरं." ते 'बरं' मला आवडलं न्हाई. हरिओमनं तिलाही फितवलंय.

१६ जानेवारी
एकट्यानं नव्यानं सुरू केलं. चार मिनिटं झाली. त्यात तीन मिनिटं नुसतं माझं नाव फिरतंय.

१७ जानेवारी
फिल्म न्हाई झाली तर न्हाई. भाषण तयार आहे, चार पानं. भर मंडपात माइकवर विचारणार: फाइल कुणी मारली? हरिओमला तोंड लपवायला जागा राहणार न्हाई.

१८ जानेवारी, रविवार
हरिओम पेनड्राइव्ह घेऊन आला. त्याच्या डिस्कवर कॉप्या होत्याच म्हणे. पुढचं त्यानं चार दिवसांत जोडलं. फिल्म लागली. एका पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या बाळंतिणीकडं टायर धरून पोहत कशी गेली, ते गोजरबाई सांगत होती. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी अक्षरं आली. संकलन: सोमेश्वर, हरिओम. माझं नाव आधी.
एवढा अपमान माझा कुणी केला न्हाई. उठलो. स्टेजवर गेलो, माइक घेतला, पहिलं पान काढलं.
गोजरबाई बाजूच्याच खुर्चीत होती. तिनं डोळे बारीक करून विचारलं, "तातेरावचा का रे तू?"
म्हणलो, हो.
"तू पायाकडून आल्तास. मायला दोन दिस तरास दिला. बस बाबा खाली."
सगळं माइकमध्ये गेलं. अख्खा मंडप हसला.
एक हरिओम तेवढा हसला न्हाई. त्यानं शेजारची रिकामी खुर्ची माझ्याकडं सरकवली.
बसलो.