आईच्या सुपाबद्दल कुणी बोलेना

लिमोन बंदर, ३ जुलै

ती. ताईस,
धाकट्याचा लांबूनच वाकून सा. न. वि. वि.

तुझं पाकीट पोचलं. ओल्गेरच्या बसने राजधानीपर्यंत आणि तिथून केळीवाल्या ट्रकने इथे. एक कोपरा उचकटलेला होता. तुझा होणारा नवरा बस चालवतो ते चांगलंच, पण वाटेत पत्रंही वाचतो का, ते जरा बघ. मी या पाकिटात केळीच्या सोपटाचा एक दोरा घातलाय. मिळाला नाही तर काय ते समज.

आता तुझा सवाल. नाही, ते मी लिहिलेलं नाही. त्याने स्वतःचं नाव ‘स्पष्ट वाटसरू’ ठेवलं आणि घरात भटका मी एकटाच, म्हणून तू थेट माझ्यावर आलीस. पण मी आईच्या खाणावळीची बदनामी इंटरनेटवरच्या गावाच्या पानावर, सगळ्यांदेखत करीन? तुझ्याआधी तिघांनी मला ते फोनवर पाठवलं होतं. फेर्मिना मावशीने वर लिहिलं, मी काही म्हणत नाही हं, नुसतं पाठवतेय. खाली गुलाबाची फुलं.

मी ते परत परत वाचलंय. फ्लोरीबाईंच्या खाणावळीतलं सूप खारट असतं. भात खालून करपतो, कारण बाई तो चुलीवर ठेवून खुराडं झाडायला जातात. लोक उरलेलं सूप डब्यातून घरी नेतात, पण त्याचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही. त्रासाबद्दल माफी असावी. एवढंच. नावाशेजारी टुकान पक्ष्याचा फोटो. ताई, खुराड्याचं बाहेरच्याला कसं कळेल? माणूस आतला आहे. रोज दुपारी कोपऱ्यातल्या बाकावर जेवायला कोण बसतो? मी नाव घेत नाही, तूच घे.

मी इथे होड्या रंगवतो. मालकीणबाई मोठ्या भारी आहेत. परवा माझं काम बघून म्हणाल्या, हे गाढवाने शेपटीने रंगवलंय का, खरवड आणि पुन्हा दे. तोंडावर! मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आपल्याकडे असं कुणी बोलतं का? आपली आई कुत्र्यालासुद्धा म्हणते, अहो कापितान, जरा सरकता का. हां, तर सांगत काय होतो, घरच्या ग्रुपवर यातलं काही लिहू नकोस. तिथे फुलंच टाक. तुझा फोन दिवसभर गल्ल्यावर पडलेला असतो, कुणीही उचलून वाचतं.

तुझा लोभ वाढो आणि माझ्यावरचा संशय घटो.
ग्रेव्हिन

*

आल्तो कानेलो, ९ जुलै

चि. ग्रेव्हिनला,
ताईचे अ. आ. (यातला अर्धा आशीर्वाद तू खरं बोलत असशील तरच.)

दोरा मिळाला नाही. ओल्गेरला विचारलं तर म्हणाला, कसला दोरा, मी पाकिटाला बोटही लावलं नाही, तुमची शपथ. इतक्या लगेच शपथ घेणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. खुराड्याचं तुलाही ठाऊक आहे.

इकडे त्या टुकानवर सगळं गाव तुटून पडलं. मावशीने लिहिलं, असं सूप स्वर्गातच मिळेल. मास्तरांनी लिहिलं, अमृत. पाद्रीबाबांनीही आशीर्वादाचे हात टाकले. आईने सगळं चुलीपाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. मला वाटलं, खूश होईल. तर तिने फोन पालथा ठेवला, एक वाडगा भरून माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, कसं झालंय. मी म्हटलं, अप्रतिम. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती रे. माझ्या गळ्याकडे बघत होती, घोट उतरतो का ते.

तुझ्यापासून लपवून आता काय उपयोग. सूप बिघडलंय. जानेवारीत ताप येऊन गेला तेव्हापासून तिच्या हाताला अंदाज राहिलेला नाही. एक दिवस डोळ्यांत पाणी येईल इतकं मीठ, दुसऱ्या दिवशी नावालाही नाही. ती खुराड्याकडे गेली की मी निम्मं सूप ओतून देते, गरम पाणी घालते आणि बटाटे टाकते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ओल्गेरलाही नाही. गिऱ्हाईक दारात ऊपे म्हणून हाक घालतं, हसत आत येतं, दोन चमचे घेतं, वाहवा करतं आणि उरलेलं डब्यात मागून नेतं. मग पुलाखाली ओततं. कापितान तिथे जाऊन चाटतो आणि दुपारभर पाणी पीत बसतो.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस. तू ये आणि सांग! बाबा गेले तेव्हा तेराव्या दिवशी नाही, तिसऱ्याच दिवशी ती चुलीपाशी उभी होती. तो डाव काढून घेतला तर तिच्या हातात काय राहतं?

आणि दोन ऑगस्टला जत्रा. देवळाच्या अंगणातली मोठी कढई दरवर्षी तिचीच असते. परवा कमिटीच्या बायका आल्या. कोंबड्यांचं कौतुक केलं, फुलझाडांचं केलं, दोनदा कॉफी घेतली आणि निघताना फाटकाशी म्हणाल्या, फ्लोरीबाई, यंदा दमला असाल, जरा आराम करा. आई म्हणाली, मी कुठे दमलेय? त्या लगेच म्हणाल्या, छे छे, तुमच्याशिवाय आहे कोण. झालं, ठरलं. त्या कढईत सगळ्यांसमोर मला पाणी ओतता येणार नाही. अख्खं खोरं जेवेल, तोंडावर वाहवा करेल आणि मग आयुष्यभर तिच्यामागे हसेल.

तो टुकान कोण ते शोध. त्याने जत्रेआधी आणखी काही लिहिलं तर ती कोसळेल.

पत्र लवकर धाड, म्हणजे लोभ आहे असं धरून चालेन.
शिनिया

*

पुंतारेनास, १६ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.,
वि. खूप आहे, न. घाईत आहे.

लिमोन सोडलं. होड्या संपल्या म्हणून नाही, उगाच. आता इथे समुद्राकाठी हातगाडीवर बर्फाचा चुरा विकतो, वर लाल पाक आणि दूधपावडर. मीच जास्त खातो. संध्याकाळी पेलिकन रांगेने बसतात, आणि त्यातला एक हुबेहूब मास्तरांसारखा मान वळवतो. असो.

मी टुकानला पकडायला जाळं टाकलं. गाडीमालकाच्या फोनवरून, खताचा फिरता विक्रेता आहे असं सांगून त्याला खासगीत लिहिलं, की साहेब, मीही तिथे जेवलोय. लगेच उत्तर. आणि काय गोड भाषा! आपण वेळ काढून लिहिलंत, उपकार झाले, आपल्याला गैरसोय नसेल तर विचारतो, सूप खरंच कसं होतं? शिव्या देणारा माणूस असा वाकून बोलतो का? मला तेव्हाच वास आला. मी म्हटलं, ठीकच होतं. तो म्हणाला, ठीक म्हणजे काय, कृपा करून खरं सांगा. मी विषय बदलला, त्याने परत तिथेच आणला. तीनदा.

मग मी चिडलो. म्हटलं, याला आपण आपल्यातलेच वाटलो तर हा पोटातलं बाहेर काढेल. म्हणून लिहिलं सगळं. खारट, दोन चमच्यांपुढे जात नाही, लोक पुलाखाली ओततात, आणि मुलगी आईची पाठ वळली की पाणी नि बटाटे घालून सारवासारव करते, नाहीतर एवढंही गिळवलं नसतं.

 मग उत्तर आलं, देव तुमचं भलं करो, कुणीतरी बोललं. आणि त्यानंतर टुकान गप्प.

बघ कसा खूश झाला! त्याला पुरावाच हवा होता. माझी खात्री आहे, ओल्गेर. इतकं अदबीने बोलणारा तुझ्या ओळखीत दुसरा आहे का?

कळावे, आणि कळलेलं कुणाला कळू नये.
ग्रेव्हिन

*

आल्तो कानेलो, २१ जुलै

ग्रेव्हिन,
आशीर्वाद नाहीत. राग गेला की पाठवीन.

शहाण्या, तू शत्रूच्या हातात घरची किल्ली दिलीस. तुझं पत्र यायच्या आधीच आई मला म्हणाली, खुराडं आजपासून तू झाड. आणि चुलीपाशीच उभी राहिली. बटाट्यांची टोपली उचलून तिने स्वतःच्या खोलीत नेली.  मी म्हटलं, आई, काही झालं का. म्हणाली, काही नाही बाळा, काय व्हायचंय.

तू टुकानला सांगितलंस आणि टुकानने आईला. म्हणजे टुकान आमच्यातच येऊन-जाऊन असणारा. मी आठवून बघितलं, ओल्गेर गेले कित्येक दिवस सूप घेतच नाही. भात आणि अंडं खातो, पोट बरं नसतं म्हणतो. काल मी त्याला म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास, सध्या जेवायला नाही थांबलात तरी चालेल. तो टोपी हातात फिरवत म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. भांडलाही नाही. निरपराध माणूस भांडत नाही का रे? की निरपराध असल्यामुळेच भांडला नाही?

लग्नाचं पुढे ढकलावं म्हणतेय. हे पत्र टपालाने पाठवते.

शिनिया

*

आल्तो कानेलो, २४ जुलै

चि. ग्रेव्हिनला,
आईचे पोटातून आशीर्वाद. तब्येत जप, बर्फ फार खाऊ नकोस.

टुकान मी आहे.

शिनियाचा तो काच फुटलेला जुना फोन मी जपमाळ ऐकायला मागून घेतला होता, त्यावरून लिहिलं. फोटो मला आवडला म्हणून लावला.

तापानंतर मला चव लागत नाही, वासही येत नाही. कॉफी म्हणजे गरम पाणी, कोथिंबीर म्हणजे गवत. मी आंधळी झाले असते तर कुणीतरी हात धरला असता. हे कुणाला दिसत नाही. मी एकेकाला विचारलं. मावशीला, पाद्रीबाबांना, तुझ्या बहिणीला. सगळे म्हणाले, उत्तम, उत्तम. पण वाडगे भरलेले आणि डबे पुढे! मला वाटलं, समोरासमोर माणूस संकोचतो, फोनवर तोंड दिसत नाही, तिथे तरी बोलतील. म्हणून मीच माझी निंदा केली, की कुणी म्हणेल, हो बाई, खरं आहे. तर तिथेही सगळ्यांनी फुलंच आणून घातली.

एक खताचा विक्रेता तेवढा बोलला. बटाट्यांचं वाचलं आणि मी समजले काय ते. ते शिनियाशिवाय कुणाला ठाऊक नसणार, आणि ती मनातलं एकाच माणसाला सांगते. शत्रू समजून का होईना, माझ्याशी खरं बोललास. त्या दिवशी मी रडले, पण बरं वाटून.

शिनियालाही मी आज हे सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, उद्या बोलेल. ओल्गेरने काही उघडलेलं नाही. तुझा तो दोरा शिनियानेच पाकीट फाडताना खाली पाडला, मी केरात पाहिला. त्या मुलाला पुन्हा जेवायला बसवलंय. तो सूप टाळायचा, पण खोटं कौतुकही करत नव्हता.

आता जत्रेचं. हाताला सवय आहे, कदाचित न चाखताही मला जमेल. कदाचित नाही. लोकांच्या भिडेखातर मला ती कढई नको आणि लोकांच्या भीतीने सोडायचीही नाही. तू ये. मी कुणाला हात लावू न देता सूप करीन. तू माझ्यासमोर बसून घे आणि माझ्या तोंडावर सांग. वाईट असेल तर मी स्वतःच्या हाताने डाव शिनियाला देईन, सगळ्यांदेखत, मान वर करून.

वाट बघते. लोभ आहेच, तो काही सुपावर अवलंबून नाही.
तुझी आई

*

राजधानी, बसस्टँड, ३० जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. आणि आधी माफी.

आज सकाळी तुझ्याकडून निघालो. पुंतारेनासला गाडी सांभाळायची आहे म्हणालो, ते खोटं. गाडी आता मालकाचा भाचा चालवतो. मला तुझ्यासमोरून पळायचं होतं.

काल तू वाडगा ठेवलास, समोर बसलीस, हात एप्रनखाली घेतलेस. म्हणालीस, घाई नाही, सावकाश सांग. मी पहिला घोट घेतला. दिवसभर बसमध्ये मी घोकत आलो होतो काय बोलायचं ते. आणि वर बघितलं तर तू. पाहुण्याने काय आणलंय ते बघायला लहान पोर उभं राहतं ना, तशी. मी म्हणालो, आई, झकास. ताईने मान खाली घातली. तू म्हणालीस, नक्की ना? मी म्हणालो, तुझी शपथ, आणि सगळा वाडगा संपवला. मग तू उठून मोठी कढई घासायला काढलीस, आणि मला ते बघवेना.

आई, सूप खारट होतं. नुसतं खारट नाही, मक्याची कणसं कच्ची होती आणि मांसाला उग्र वास होता. तो वास तुला येत नाही. वास आला नाही तर खराब काय आणि चांगलं काय ते तुला कळणार नाही, आणि जत्रेत पोरंबाळं जेवतात. मी रात्रभर पाणी पीत होतो. तू उभी राहू नकोस त्या कढईपाशी. म्हणजे उभी राहा, पण डाव ताईच्या हातात दे, आणि कसाव्याचे कंद किती, कच्ची केळी कधी, आच किती, ते तू सांग. ते तिला येत नाही. ती नुसते बटाटे टाकते.

परक्या नावाने लिहिलं तेव्हा हेच सगळं मी चटकन लिहिलं होतं. तिकडे तुझं तोंड नव्हतं.

हे पत्र ओल्गेरजवळ देतोय, दुपारच्या बसने. त्याची माफी मागितली, की मी तुमच्यावर भलता आळ घेतला. तो म्हणाला, छे हो, कसला आळ, मला काही वाटलंच नाही. खरंच वाटलं नाही की काय, देव जाणे. त्याच्याच बसमध्ये जागा होती. मी बसलो नाही. मी पत्राबरोबर पोचलो तर तू दार उघडशील, मी हसेन, पत्र खिशात ठेवीन आणि म्हणेन, विसरलेली टोपी न्यायला आलोय. म्हणून पत्र आधी येतंय, आणि मी त्याच्यामागच्या बसने. वाचून झालं असेल तेव्हा मी दारात असेन.

आत घे, बसव, आणि पुन्हा विचार.

आजच्यापुरता लोभ कमी झाला तरी चालेल.
तुझा,
ग्रेव्हिन