तांदूळ चालते म्हणे

एकोडी, बुधवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलं आहे. नात पल्लवी परवा शुक्रवारी आफ्रिकेत जाणार आहे, स्वयंसेवक म्हणून. बिनापगारी, औषधं-खतं न घालता शेती करायला. इथे आमच्या बांधीत चिखलात उतरून कधी धानाचा रोवणा केला नाही पोरीने. ते जाऊ दे. पण आज तिच्या बॅगेत मी ओंजळभर टरफलासकट धान बांधून ठेवलं, तर तिने काढून माझ्याच हातात दिलं!

"आबाजी, धान नाही नेता येत. विमानतळावर बियाणं काढून घेतात. तांदूळ चालते."

"शेती कराले चालली अन् बी नको? तांदूळ उगवते का वं?"

"म्हणूनच तर चालते," म्हणे, आणि हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

लांब जाणाऱ्या लेकीला धानच द्यायचं, ही आमच्या घरची रीत. तांदूळ म्हणजे खा आणि संपव.

सून म्हणाली, "कोठीत टाकून द्या ना, मामाजी." दिलेलं धान कोणी परत कोठीत ओततं? तिच्यावरही ओरडलो. उगाच ओरडलो का? नाही, बरोबरच ओरडलो.

तिकडे तापाने पडली तर? तिकडेच राहिली तर?

शेवटी ते धान फडक्यात बांधून आढ्याला टांगलं आणि पल्लवीला सांगितलं, "हे आता तुयं आहे. मी नाही पेरणार, कोणाले पेरू नाही देणार. पुढच्या मिरगाले तूच पेरजो."

"अन् उंदरानं खाल्लं तर, आबाजी?"

"तर त्याच्या आधी ये."