स्वयंपाकघरातली नवी खिडकी

प्रिय वेंडी,

स्पेनमधलं हे माझं घर आता ठाकठीक आहे, काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे?

नगरपालिकेकडून परवानगी मी फक्त फरशी बदलायची घेतली होती. गवंडी म्हणाला, "बाई, एवढ्याशा खिडकीला कोण विचारतंय?" फोडली भिंत.

मंगळवारी तपासनीस आला. "परवानगीत खिडकी कुठाय?" शेजारच्या एन्कार्नामावशी पुढे झाल्या. "अहो साहेब, ती जुनीच! माझी आई इथूनच पाव द्यायची."

तो गेला, आणि मावशी तडक चर्चमध्ये खोटं बोलल्याची कबुली द्यायला गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खिडकीतून त्यांचंच अंगण दिसतं गं. पडदा ओढून घेतलाय. भरदुपारीही दिवा लावून स्वयंपाक करते.

तुझीच,
हिलरी