दाबाखालचा फर्मा

१ डिसेंबर

ती. दादास,
सलाम, वि. वि.

दोरीची गाठ आवळली आणि चिठ्ठी आत घालायची राहिल्याचं लक्षात आलं. आता पार्सल पुन्हा सोडत नाही. हे पत्र वेगळं टाकते. दोन्ही एकाच दिवशी पोचतील, असं टपालखिडकीवरचा कारकून म्हणाला.

पार्सलमध्ये आईचं पवित्र शास्त्र आहे. कपाटावरून पडलं आणि पाठ निघाली. इथल्या बाइंडरकडे नेलं होतं. कडा कापून नवंकोरं करून देतो म्हणाला. कडांवर आईचं पेन्सिलीतलं लिखाण आहे. ते कापल्यावर नव्याचं काय करायचं? म्हणून तुमच्याकडे पाठवावं लागतंय. कडा कापू नका. सोनेरी अक्षरं नकोत. नाताळच्या आधी परत हवं. यंदा शास्त्रवाचन पाळकांनी माझ्याकडे दिलंय आणि मला आईच्या पुस्तकातून वाचायचं आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डिसेंबरात श्वास घ्यायला फुरसत नसते. अकरा महिने ज्यांना कोणी आठवत नाही त्यांना आत्ताच सगळे आठवतात. परवा घरी कोणी दार वाजवलं, तर मी आतून नंबर विचारला.

त्या गोष्टीबद्दल मला काही लिहायचं नाही. चार वर्षं झाली. आई गेली त्या दिवशी तुम्ही मला फोन केला नाहीत. विचारलं तेव्हा म्हणालात, शांत गेली, तुझी कशाला धावपळ. तिने माझं नाव काढलं होतं का, याचं उत्तर दिलं नाहीत. काही लिहायचं नाही म्हणता म्हणता एवढं लिहिलं.

वहिनींना सलाम. लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

मुंगी


८ डिसेंबर

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आणि पार्सल एकाच टपालात मिळालं. कारकून खरं बोलला.

पुस्तक पूर्ण उसवलं. शिवण कुजली होती. सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे केले. ज्यांच्या घड्या विरल्या होत्या त्यांना पातळ कागद लावून दाबाखाली ठेवलं. खळ वाळल्याशिवाय शिवता येत नाही. कडा कापल्या नाहीत. सोनं लावलं नाही. कापड काळं न घेता करडं घेतलं, आईच्या कोटासारखं.

एका पानाच्या कडेला आईने लिहिलंय की मुंगीचा दात पडला. त्या अध्यायाशी दाताचा संबंध मला लागला नाही.

उद्या पाठवतो. नवी शिवण ताठ असते. पहिले काही दिवस उघडताना जोर करू नकोस. थंडीत जप.

तुझा शुभचिंतक,
दादा


९ डिसेंबर

चि. मुंगीस,
वहिनीचा सलाम.

ही चिठ्ठी मी पुस्तकाच्या वेष्टनात सरकवली आहे. तुझ्या भावाची पार्सलं मी बांधते, हे त्यांचं दुर्दैव.

तू त्यांना अहो-जाहो लिहायला लागलीस तेव्हापासून ते तुझी पत्रं चष्मा पुसून पुसून वाचतात, जसा काही काचेचाच दोष. एरवी माणूस पुस्तकांशी बोलतो, बायकोशी नाही. गेला आठवडा पुस्तकाशीही बोलला नाही. दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं.

आणखी एक. इथल्या चर्चच्या मंडळीत शास्त्रवाचनाचं काम यांच्याकडे आहे. वर्षभर खणखणीत वाचतात. पण चार वर्षं झाली, नेमका नाताळच्या सकाळी यांचा घसा बसतो. येशूजन्माचा, मेंढपाळांचा पाठ मग मास्तर वाचतात, आणि मास्तरांचं वाचन म्हणजे हजेरीपट. जेवायच्या वेळेला यांचा घसा आपोआप उघडतो. विचारलं तर म्हणतात, थंडी. थंडी पंचवीस तारीख बघून येते का? मला तर काही सांगत नाहीत. तू विचारून बघ.

रागाइतका लोभही जपून ठेव.

तुझी वहिनी


१४ डिसेंबर

दादा,
सलाम.

काल पाठाची तयारी करायला बसले. कापड सुंदर आहे, हे आधीच लिहिते. नंतर लिहिणार नाही. मेंढपाळांचा अध्याय काढायला गेले, तर तो नाहीच. मरियेला दूत भेटतो, आणि पुढचं पान उलटलं तर तिचा मुलगा मोठा होऊन आजाऱ्यांना बरं करतोय. जन्मच नाही. सोळा पानं नाहीत. पाठीत अडकली असतील म्हणून टॉर्च लावून पाहिलं.

शिवण्याआधी फर्मे मोजायचे, हे मला टेलिफोनवालीलाही माहीत आहे. लहानपणी तुम्हीच माझ्याकडून मोजून घ्यायचात, आणि चुकले तर टपली मारायचात. चाळीस वर्षांत तुमच्या हातून फर्मा राहिला नाही. मग हाच कसा राहिला? आईने सर्वांत जास्त उघडलेला? ठेवून घेतलात का? तिचा शेवटचा दिवस एकट्याने ठेवून घेतलात, तशीच ही पानं?

त्या दुपारी मी बोर्डावर होते. तुम्हाला ते माहीत होतं. तुम्ही ट्रंक कॉल मागितला असता तर तो माझ्याच कानात आला असता. दिवसभर लोकांच्या आया मी लोकांना जोडून दिल्या. माझी मला कोणी जोडून दिली नाही.

नाताळच्या सकाळी तुमचा घसा बसतो असं कळलं. माझा बसत नाही. मला तो पाठ वाचायचा आहे. पानं पाठवा, आणि उत्तरही.

लोभाचं आज लिहीत नाही.

मुंगी


१८ डिसेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

फर्मा दाबाखाली सापडला. त्याचीच घडी सर्वांत जास्त विरली होती, म्हणून वेगळा ठेवला होता. शिवण्याआधी मोजले नाहीत. विसरलो, असं कार्ड लिहून टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. खळ लावताना मी वाचत नाही, तरी अक्षरं डोळ्यांखालून जातातच. मेंढपाळ जागे राहून कळप राखत होते, तिथे आईने पेन्सिलीने रेघ मारली आहे. मी फर्म्यावर फळी ठेवली, फळीवर वजन ठेवलं, आणि पुन्हा उचललं नाही.

आता उत्तर.

आईला तीन रात्री झोप नव्हती, म्हणून मलाही नव्हती. तुझी वहिनी औषध आणायला गेली होती. दुपारचं जेवण झालं होतं. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, मुंगीला फोन लाव, मला तिच्याशी बोलायचंय. अगदी स्वच्छ म्हणाली. मी हो म्हटलं. फोन खाली दुकानात, सतरा पायऱ्या. पाच मिनिटं टेकतो आणि जातो, असं वाटलं. खुर्चीत बसलो.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून कपाटावर गेलं होतं. आई गेली होती.

लोकांना सांगितलं, शांत गेली. तुलाही तेच सांगितलं. मला माहीत नाही, मुंगे. मी झोपलो होतो. तिने हाक मारली असेल तर ती मी ऐकली नाही.

तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं, अशी तुझी समजूत झाली. मी ती तशीच राहू दिली. झोप लागलेला भाऊ होण्यापेक्षा मगरूर भाऊ होणं सोपं वाटलं. तिने तुझं नाव काढलं होतं. दुसरं कोणाचं काढलं नाही. ते तुझं होतं, आणि चार वर्षं मी दाबून ठेवलं.

वहिनीला आज सांगितलं. 

प्रार्थनेत क्षमा मागत आलो, रोज. देवाकडे मागणं सोपं होतं. त्याला आधीच माहीत होतं.

फर्मा टपालात चुरगळेल. कसा पाठवू ते कळव.

दादा


२१ डिसेंबर

दादा,
सलाम.

तुझं पत्र एक्स्चेंजच्या जिन्यात वाचलं. मग बोर्डावर जाऊन बसले आणि पहिल्याच माणसाला चुकीचा नंबर जोडून दिला. दोन अनोळखी माणसं तीन मिनिटं एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत होती. मी लाइन तोडली नाही.

दोन दिवस तुझा राग आला, आधीपेक्षा जास्त. त्या सतरा पायऱ्या मी मनातल्या मनात किती वेळा उतरले. राग गेला असं लिहिणार नाही, गेलेला नाही. पण तिने मला बोलावलं होतं. चार वर्षं मी समजत होते की शेवटी तिला माझी आठवण झाली नाही. त्या दुखण्यापेक्षा हे दुखणं बरं.

काल पाळकांकडे गेले. मनात राग असताना शांतीचा पाठ वाचावा का, असं विचारलं. ते शाल गुंडाळून खोकत बसले होते. म्हणाले, शांतीची ती वार्ता ज्या मेंढपाळांना मिळाली ते घाबरलेले होते. आधी शांत व्हा, मग सांगतो, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. मग त्यांनी मला खोकल्याचं औषध कुठे चांगलं मिळतं ते विचारलं.

मी त्यांना सांगून आलेय की नाताळला माझा भाऊ वाचेल. घसा बसला तर बसल्या घशाने वाचेल. फर्मा हातात घेऊन ये. सुई-दोरा आण, माझा तुला पसंत पडणार नाही. चोवीसची सकाळची गाडी धर. गाडीत खुशाल झोप. आमचं स्टेशन शेवटचं आहे, तिथे सगळ्यांना उठवतात.

लोभ आहे की नाही ते आल्यावर बघ.

तुझी,
मुंगी


२५ डिसेंबर

सौ. वहिनींस,
सलाम, वि. वि.

दादा तुम्हाला यातलं काही सांगणार नाही, म्हणून मी लिहिते.

आज त्याने वाचलं. सुटा फर्मा हातात धरून. मेंढपाळ जागे होते, तिथे थांबला. लोकांना वाटलं, ओळ हरवली. मी पहिल्या बाकावर होते. उठावंसं वाटलं, उठले नाही. मग त्याने ते वाक्य पहिल्यापासून घेतलं आणि शेवटपर्यंत गेला. आवाज खणखणीत होता, मास्तरांना कळवा.

दुपारी जेवणानंतर खिडकीजवळच्या खुर्चीत त्याला झोप लागली. चहा झाला होता, तरी उठवलं नाही. मी समोर बसून राहिले. जागा झाला तो दचकून, आणि आधी त्याने कपाटावरचं ऊन पाहिलं. मग मला पाहिलं. चहा मागितला.

तुम्हीही या एकदा. लोभ भरपूर आहे, त्याची काळजी नसावी.

तुमची,
मुंगी

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सकाळी दादाने पुस्तक अर्ध्यापर्यंत उसवलं आणि मला फर्मे मोजायला सांगितले. मी दोनदा मोजले. मग त्याने राहिलेला फर्मा जागेवर बसवून शिवला. दोरा मी धरला होता.