ज्या सकाळी भिंगरीने अंडं खाल्लं

प्रिय शेपटे,

या नावाने हाक मारलेली तुला आता आवडत नाही, माहीत आहे मला. पण लहानपणी माझ्या फ्रॉकची कड मुठीत धरून घरभर फिरायचीस ती तूच. तुझं लग्न झालं, आता बाळही झालं, तरी माझ्या लेखी तू शेपूटच. फोनवर तू हल्ली ‘हो’, ‘बरं’, ‘ठेवते’ यापलीकडे जात नाहीस, तेही फोन उचललास तर. म्हणून सरळ कागद घेऊन बसले. बाळ कसं आहे हे मी एवढ्यात विचारत नाही, ते मागाहून. आधी माझी बातमी ऐक. काल सकाळी आपल्या भिंगरीने अंडं खाल्लं. अख्खं नाही, पण खाल्लं.

तुमच्याकडे अंडं म्हणजे घाईच्या वेळी तव्यावर फोडायची गोष्ट. माझ्या घरात भिंगरी रांगत होती तेव्हापासून ते शिरलेलं नाही, आणि आता ती दुसरीत आहे. तिच्या बाबाला अंड्याशिवाय नाश्ता झाल्यासारखा वाटत नाही. तो बिचारा कामावरच्या कँटीनमध्ये खातो, खसाखसा तोंड धुतो, चुळा भरतो आणि तरीही घरी येऊन अंघोळ होईपर्यंत लेकीची पापी घेत नाही. मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानातून एक जुनं भिंग घरी आणलंय. दुकानात तसल्या भिंगातून फ्रेमचे स्क्रू बघते आणि घरी बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं, कुठे अंडं लिहिलंय का ते. कुणाचा वाढदिवस असला की भिंगरी स्वतःचा डबा घेऊन जाते आणि केक कापला की सगळ्यांत मोठ्याने टाळ्या तीच वाजवते. त्या टाळ्या ऐकल्या की मला तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटतं.

मागच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अ‍ॅलर्जीचं प्रमाण बरंच खाली आलंय, आता हळूहळू सवय लावून बघू. आधी अंडं घातलेलं बिस्किट, मग केक, दोन्ही त्यांच्या सांगण्याप्रमाणे, चिमूट चिमूट वाढवत. दोन्ही वेळा मी जीव मुठीत धरून बसले होते आणि दोन्ही वेळा काही झालं नाही. मग त्या म्हणाल्या, आता पिठाच्या आड दडलेलं पुरे, अंडंच द्यायचं, पण ओव्हनमध्ये पक्कं भाजलेलं. घरी एग बाइट्स करा नाश्त्याला, म्हणजे छोट्या वाट्यांत भाजलेलं अंडं, सोपे असतात, फक्त आत ओलं राहू देऊ नका. पहिला तुकडा त्यांनी स्वतः दवाखान्यात समोर बसवून दिला. तोही पचला. पुढचे घरी द्या म्हणाल्या. आता दवाखान्यात नर्स होती, ऑक्सिजन होता, त्या स्वतः होत्या. घरी कोण होतं? मी. शेपटे, मला माझीच भीती वाटली.

मग सुरू झाली टाळाटाळ. मूल ठणठणीत हवं, अशी त्यांची अट होती, म्हणून मला रोज तिचं नाक वाहताना दिसायला लागलं. नाक कोरडं असलं की आभाळ भरलेलं दिसायचं, म्हणजे उद्या सर्दी होणारच. एकदा दवाखाना बंद असेल म्हणून थांबले आणि फोनसुद्धा केला नाही, न जाणो उघडा असला तर! शेवटी भिंगरीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, आई, सर्दी नेमकी कुणाला झालीय? तिचा बाबा हसला नाही. त्याने गुपचूप कालची रजा टाकली.

आणि काल सकाळी काय व्हावं? मी केस बांधून ओट्याशी उभी राहिले आणि त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक म्हातारी बाई, आणि ती लिफ्ट उघडता येणारा दुसरा माणूस जागेवर नव्हता. जा म्हटलं मी. जाता जाता तो म्हणाला, मी येईपर्यंत थांब. मी मान हलवली. पण दार लागलं आणि मला कळलं की आज थांबले तर मी कायमची थांबेन. भिंगरी गळ्याला रुमाल बांधून खुर्चीत बसलेली होती, रिकामी ताटली पुढ्यात घेऊन. मी वर जाऊन वरच्या मजल्यावरच्या शेजारी काकांना एवढंच म्हटलं की तासाभरात कदाचित तुमची गाडी लागेल. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर ते खाली गाडीत जाऊन बसले होते, गाडीचं तोंड रस्त्याकडे करून, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. मला हसू आलं. म्हणजे हे खरंच होणार होतं.

अंडी मी आदल्या संध्याकाळी आणली होती आणि साप पकडून आणावा तशी बाल्कनीत बादलीखाली झाकून ठेवली होती. ती आत आणली. किती जोराने आपटायचं हेच हाताला आठवेना. पहिलं ओट्यावरच फुटलं आणि बलक माझ्या पायावर ओघळला. भिंगरी पाय वर घेऊन खुर्चीत उभी राहिली. शेपटे, माझं सात वर्षांचं मूल अंड्याला घाबरून खुर्चीवर चढलं! हे तिला मी शिकवलंय. सगळं साबणाने पुसून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. अंडी, थोडं दूध, मीठ, बारीक चिरलेला पालक, ढोबळी मिरचीचे कण, किसलेलं चीज. मफिनच्या साच्यातल्या प्रत्येक वाटीला लोणी फासलं. घुसळताना तो जुना ओळखीचा वास आला आणि मी खिडकी उघडली. भिंगरी मात्र मिश्रणाकडे बघून म्हणाली, किती पिवळं गं! तिने ते कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

ओव्हनच्या काचेसमोर आम्ही दोघी फरशीवर मांडी घालून बसलो. वाट्यांमधलं मिश्रण आधी नुसतं थरथरलं, मग कडेने धरायला लागलं आणि मग फुगायला लागलं. फुगत फुगत साच्याच्या वर आलं. भिंगरी टाळ्या पिटत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र रांगत्या वयातले तिचे ते सुजलेले ओठ आले.

तू पण आत्ता वाचताना तिथेच गेली असशील. आपण दोघी त्या सकाळबद्दल कधीच बोललो नाही. तू परीक्षा संपवून माझ्याकडे राहायला आली होतीस. अंडं मी उकडलं, बलक दुधात मी कुस्करला, वाटी-चमचा तुझ्या हातात दिला, भरव म्हटलं आणि अंघोळीला गेले. तुझी हाक ऐकली आणि बाहेर आले तर वाटी जमिनीवर उपडी, दार सताड उघडं. ओल्या केसांनी जिन्याच्या खिडकीशी धावले तेव्हा तू खाली रस्त्यावर पोचलेली होतीस. अनवाणी. भिंगरी खांद्यावर, तिचं तोंड सुजून ओळखू येईना, आणि तू येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत थांबवत नाक्यावरच्या दवाखान्याकडे पळत होतीस. मी कपडे चढवून पोचले तोवर तिला सुई टोचून झाली होती आणि ती रडत होती. ते रडणं ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. डॉक्टर मला म्हणाले, हिने वाटेत कुणाला विचारत वेळ घालवला असता तर मूल हाती लागलं नसतं. मला वाटायचं, हे तू पण ऐकलं असशील. नंतर कळलं, तू तेव्हा बाहेर नळावर हात धूत होतीस. कितीतरी वेळ धूत होतीस. त्यानंतर तू भिंगरीला खेळणी आणलीस, गोष्टी सांगितल्यास, पण तिला एक घास कधी भरवला नाहीस. जेवायची वेळ झाली की तुला काहीतरी काम आठवायचं. तुला त्या सकाळचा फक्त चमचा आठवतो. मला तुझे पळणारे पाय आठवतात.

ओव्हन बंद झाला. बाहेर काढताच सगळ्या वाट्या फुस्सकन बसल्या आणि भिंगरी खिदळायला लागली. तिने त्यांचं नाव ठेवलं अंडुकली. मी एक फोडून आत बोट घालून पाहिलं, कुठे ओलं नाही ना. तरी समाधान होईना, पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. शेवटी ती इतकी घट्ट झाली की त्यांच्याने चेंडू खेळता आला असता. वाटाण्याएवढा तुकडा केला. टेबलावर डॉक्टरीणबाईंनी दिलेलं, त्रास झालाच तर मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन, त्याच्या बाजूला फोन, पुढचं दार नुसतं लोटलेलं. तिने तोंड उघडलं. शेपटे, माझ्या कानात समुद्रासारखा आवाज येत होता. मी घास ठेवला.

तिने चावला, गिळला आणि माझ्याकडे बघत बसली, कारण मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ, पापण्या, मान, पोट, पुन्हा ओठ. थांबायला सांगितलं होतं तेवढं थांबले. काही नाही. थोडा मोठा तुकडा दिला. आणि तिने मान खाजवली. मग पुन्हा. कॉलरखाली एक लाल चट्टा दिसला मला. पेन केव्हा उचललं, टोपण केव्हा काढलं, मला ठाऊक नाही. मी तिला उजेडाकडे ओढलं, फ्रॉक वर केला, पाठ बघितली, पोट बघितलं, श्वास ऐकायला छातीला कान लावला. तिचं काळीज धडधडत होतं की माझं, तेच कळेना. जीभ दाखव म्हटलं, जीभ दाखवली. गाणं म्हण म्हटलं, तर म्हणाली कुठलं? आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, आई, तू माझ्याकडे अशी बघतेस ना, म्हणून खाजतं. चट्टा तिच्या नखांचा होता. बघता बघता विरून गेला. मी टोपण परत लावायला गेले, ते तीनदा खाली पडलं.

तिने पुढचा तुकडाही खाल्ला. अर्धं अंडुकलं पोटात गेल्यावर मी विचारलं, कसं लागतं गं? एवढी वर्षं ज्याला आम्ही घराबाहेर ठेवलं, त्याबद्दल तिने तोंड वाकडं करून सांगितलं की उशीसारखं लागतं, आणि उद्या साधा ब्रेडच दे. मग ती खेळायला पळाली. सांगितलेला वेळ सरेपर्यंत मी तिच्यामागून खोलीखोलीत फिरले, तुझ्यासारखी, तिच्या फ्रॉकची कड तेवढी धरायची राहिली. वेळ सरला तेव्हा खाली जाऊन काकांना वर बोलावलं. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तिचा बाबा आला, दारातूनच माझ्या तोंडाकडे बघितलं, चपला न काढता आत शिरला आणि गार झालेलं एक अंडुकलं उभ्याउभ्या खाल्लं. घरात, लेकीसमोर. मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चावत राहिला.

तू म्हणशील, आता तरी ताईची भीती गेली असेल. नाही गेली. आज सकाळी पुन्हा तुकडा द्यायचा होता, तेव्हा ती कालइतकीच होती. फक्त आता भीती जायची वाट बघत मी थांबत नाही, घाबरत घाबरतच भरवते. एवढाच काय तो फरक.

आता बाळाचं विचारते. परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. तुला कळू नये म्हणून तो जिन्यात उभा राहून बोलत होता. म्हणाला, ती बाळाला उचलत नाही. बाळ रडलं की पाळण्याशी बसून स्वतः रडते, पण मी येईपर्यंत हात लावत नाही. म्हणते, उचलायला गेले की माझे हात कापतात, माझ्या हातून काहीतरी होईल. त्या वेड्याला वाटतंय, तुला बाळ नकोसं झालंय. मी त्याला म्हटलं, अरे, नको असलेल्यासाठी कुणी इतकं घाबरत नाही. शेपटे, मी शनिवारी भिंगरीला घेऊन तुझ्याकडे येतेय, राहायला. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. बाळंतपणानंतर अशी भीती मनात घर करते आणि तिच्यावर औषध आहे, हे मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. ही गोष्ट लपवायची नाही, मला, त्याला, कुणालाच नाही. आणि शनिवारपर्यंत नुसती बसून राहू नकोस. हे वाचून झालं की नवऱ्याला शेजारी बसव, पलंगावर भिंतीला टेकून बस, मांडीवर उशी घे आणि त्याला म्हण, छोटीला माझ्याकडे दे. हात कापतील तुझे. कापू देत. तिला कुठे काय कळतंय, तिला वाटेल आई झोका देतेय.

तुझीच, अजूनही घाबरलेली,
ताई